चौदा नंबरची किल्ली

जूनमध्ये शाळा रिकामी होते
आणि किल्ल्या माझ्या होतात.
एकतीस खिळे, एकतीस किल्ल्या.
जुलैत बसमधून उतरतात ती पोरं,
पाठीवर पेट्या, काहींच्या तर त्यांच्याहून उंच,
आणि प्रत्येकाला हवी असते एक खोली, दार लागणारी.

मग कोइवुलाहतीच्या शाळेत
भूगोलात चेलो, शिवणकामात दोन बासऱ्या,
मुलांच्या संडासात एक ट्रॉम्बोन,
तिथे म्हणे आवाज गोल होतो.
मी तक्रार केली नाही.
फरशी पुसायच्या वेळा तेवढ्या बदलल्या.

ओबोवाली उशिरा आली. साइमी. सोळाची.
उरली होती फक्त चौदा नंबर, रसायनशास्त्राची,
बाराही महिने गंधकाचा वास.
"चालेल," म्हणाली, "नळाला पाणी आहे ना?"

तीन दिवस त्या खोलीतून सूर आला नाही.
चाकू ऐकू आला.
खर्र. खर्र. थांबणं.
मग बदकाची मान पिरगळावी तसा एक आवाज
आणि पुन्हा खर्र.

दाराच्या काचेतून पाहिलं:
बोरूच्या दोन चिपा, समोरासमोर, निळ्या दोऱ्यानं बांधलेल्या,
करंगळीच्या नखाएवढं टोक.
ते उजेडाकडे धरून ती तासत होती
रात्री अकराला, कारण उजेड होताच.
आमच्याकडे जुलैत रात्र येते ती नावाला,
बूटही न काढता, दारातूनच परत जाते.

राउहा बाईंनी सांगितलं होतं,
पत्ती जमेपर्यंत वाद्य पेटीतून काढायचं नाही.
बाई सत्तरीच्या, ओठ टाचून घेतल्यासारखे,
सायकलवरून येतात,
डास मारत नाहीत, नुसते झटकतात.
"विकतची पत्ती म्हणजे दुसऱ्याची कवळी,"
हे मला म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी केराच्या सुपलीत
पिवळ्या भुशात तांबडे थेंब.
मी काही बोललो नाही. चाकू मागितला.
माझा बाप लाकूडतोड्या;
आमच्या घरात शास्त्र म्हणून एकच चाललं, धार.
दगडावर तेल, मग थुंकी,
मग कातडी पट्ट्यावर चाळीस वेळा, बोलल्याशिवाय.
तिनं अंगठ्याच्या नखावर बघितलं.
"एवढी?"
"बोथट चाकू घसरून कापतो," म्हटलं,
"धारेचा विचारून."

शेवटच्या शनिवारी चर्चमध्ये मी मागे, दाराशी उभा.
तासभर काय वाजवलं ते मला विचारू नका.
मला कळलं ते सुरू व्हायच्या आधीचं.
खोकले, खुर्च्या, एकाचा चष्मा पडला,
आणि मग ती उठली नाही, बसल्याबसल्याच
एक सूर धरला.
सुरुवातीला किंचित हलला, मग थांबला जागेवर.
शेजारून विस्तव मागून न्यावा
तसं चाळीस जणांनी त्या नखाएवढ्या बोरूकडून
आपापलं पेटवून घेतलं.
मोठमोठी वाद्यं. ट्रॉम्बोनसुद्धा.

दुसऱ्या भागात पत्ती चिरली.
मला नाही समजलं, बाईंच्या मानेवरून समजलं.
साइमीनं खिशातून दुसरी काढली,
ती वाकडी, टाकायची म्हणून ठेवलेली,
जिभेवर ओली केली
आणि चारदोन मात्रा हुकवून पुन्हा गर्दीत शिरली.
बाईंचे ओठ तेवढ्यात उसवले होते.
बाहेर पडताना त्या कुणाशीच बोलल्या नाहीत,
सायकलचं कुलूप मात्र तीनदा चुकलं.

ऑगस्टात शाळा भरली.
परीक्षानळ्यांच्या घोडीत अडकलेलं काहीतरी
रसायनच्या मास्तरांनी माझ्यासमोर धरलं. "हा कचरा का?"
"कचराच," म्हटलं आणि खिशात टाकला.

संध्याकाळी तळ्याच्या धक्क्यावर
ती पत्ती पाण्यात बुडवली, तिच्यासारखीच मोजून,
ओठ आत दुमडले, फुंकलं.
काही नाही.
पुन्हा फुंकलं.
निघाला तो आवाज माझ्या बापालाही आवडला नसता.
पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं,
कोण आहे तिकडे?
मी नाव सांगितलं नाही.
पत्ती पुन्हा पाण्यात धरली.